माप कोणी तपासायचे?

गेल्या काही महिन्यांत सोलापुरातील दंतवैद्यांच्या बैठकांमध्ये, आणि त्याहून अधिक त्यांच्या व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये, एक वाद पुन्हा पुन्हा उफाळून येतो आहे. जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या कृत्रिम मुळावरच्या, म्हणजे इम्प्लांटच्या, दातांसाठी तोंडात ट्रे भरून माप घ्यायचे, की कॅमेऱ्याची दांडी तोंडात फिरवून जबडा संगणकावर उतरवून घ्यायचा, हा तो वाद. एक बाजू म्हणते की स्कॅनर आल्यापासून चुकीला जागाच उरलेली नाही आणि ज्याच्याकडे तो नाही त्याने इम्प्लांटचे काम हाती घेऊ नये. दुसरी बाजू म्हणते की रुग्णाच्या खिशात हात घालण्याचा हा नवा बहाणा आहे आणि कसलेल्या हाताला यंत्र लागत नाही. सात रस्त्यापासून होटगी रस्त्यापर्यंत दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘डिजिटल’ हा शब्द झळकू लागला आहे, आणि रुग्णही खुर्चीत बसण्याआधी ‘तुमच्याकडे मशीन आहे का’ असे विचारू लागले आहेत. मी गेली बावीस वर्षे कृत्रिम दात बसवण्याचेच काम करतो. त्यातील बहुतेक वर्षे ट्रे आणि पुट्टीने (माप उमटवण्याच्या मऊ द्रव्याने), अलीकडची काही स्कॅनरने. माझे मत आधीच सांगून टाकतो. स्कॅनर वापरावा, आपल्यासारख्या शहरात तर अधिकच वापरावा. पण अचूकतेच्या आशेने तो घेऊ नये. त्याने घेतलेले माप दुसऱ्या माणसाला उघडून तपासता येते, हे तो घेण्याचे खरे कारण आहे. हा फरक वरवर शाब्दिक वाटेल. प्रत्यक्षात पैसा कुठे घालायचा, जबाबदारी कोणावर ठेवायची आणि रुग्णाच्या हाती काय द्यायचे, हे सारे त्यावर ठरते.

इम्प्लांटमध्ये मापाला एवढे महत्त्व का येते, हे आधी पाहिले पाहिजे. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते, आणि तिच्यामुळे चावताना दात किंचित दबतो, किंचित हलतो आणि थोडीफार चूक सांभाळून घेतो. टायटॅनियमच्या इम्प्लांटला ही गादी नसते. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना हा धातू हाडाशी इतका एकजीव झालेला आढळला की तो सोडवून काढता येईना. त्याच निरीक्षणाच्या आधारे १९६५ साली त्यांनी योस्ता लार्सन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि ते चाळीस वर्षे कामाला आले. हाडाशी घट्ट जखडले जाणे हा इम्प्लांटचा मोठा गुण आहे, आणि नेमक्या त्याच गुणामुळे तो मापातली चूक पोटात घालत नाही. तीन इम्प्लांटवर एकसंध ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले दात, बसवताना त्यातला एक खांब मापात केसभर सरकला असेल, तरी स्क्रू आवळल्यावर ब्रिज बसल्यासारखा दिसतो. मात्र तो ताण स्क्रूमध्ये, पोर्सिलीनमध्ये आणि सांध्यांमध्ये साठत राहतो, आणि एके दिवशी कडक भाकरीचा तुकडा मोडताना स्क्रू सैल होतो किंवा पोर्सिलीनचा टवका उडतो. ब्रोनेमार्क यांनी यासाठी १० मायक्रॉनची मर्यादा सुचवली होती (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढे १५० मायक्रॉनपर्यंत चालवून घ्यावे असा प्रघात पडला. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, एवढे ध्यानात ठेवले तर आपण कोणत्या हिशेबात बोलत आहोत ते कळते.

आता स्कॅनरवाल्यांचा युक्तिवाद पाहू. यंत्र आहे म्हणजे ते अचूकच असणार, हे त्यांचे गृहीतक आहे. पण तोंडात फिरवायचा स्कॅनर संपूर्ण जबडा एका नजरेत पाहत नाही. तो एक-दोन दातांएवढा भाग टिपतो, पुढचा भाग टिपतो, आणि दोन्हींत समान दिसणाऱ्या खुणा जुळवून त्यांची शिवण घालतो. अशा शेकडो शिवणींमधून जबड्याचे चित्र तयार होते. एक-दोन दाढा गेलेल्या आहेत आणि आजूबाजूला नैसर्गिक दात आहेत, अशा ठिकाणी खुणा मुबलक मिळतात आणि स्कॅनचे माप ट्रेच्या मापाच्या तोडीस तोड उतरते, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. पण तोंडात एकही दात नसेल आणि पाच-सहा इम्प्लांट जबडाभर पसरलेले असतील तर? मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात पेरणीआधी उभे राहून एकामागून एक छायाचित्रे काढावीत आणि मागाहून ती जोडायला बसावे, तसे ते होते. झाड नाही, विहीर नाही, बांधही दिसत नाही. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला लागतो हे अंदाजाने ठरवावे लागते, आणि प्रत्येक जोडातली चूक पुढच्या जोडात मिसळत जाते. ओलसर, गुळगुळीत हिरडीवर स्कॅनरची हीच गत होते. एका बाजूच्या शेवटच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत जाईतो साठलेली चूक १०० मायक्रॉनच्या पुढेही जाऊ शकते, आणि पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच देखणे असते. कच्चे माप हाताने घेतले असते तर निदान ते कच्चे दिसले असते.

शिवाय स्कॅनरला इम्प्लांट दिसतच नाही. ते हाडात आणि हिरडीखाली असते. त्याच्यावर आपण स्कॅन बॉडी नावाची छोटी खुंटी स्क्रूने बसवतो. स्कॅनर त्या खुंटीचा माथा पाहतो आणि सॉफ्टवेअर आपल्या संग्रहातील त्याच खुंटीच्या आकाराशी तो ताडून खालच्या इम्प्लांटची जागा आणि कल ठरवते. खुंटीखाली हिरडीचा कपटा अडकला, वारंवार वाफेने निर्जंतुक करून तिची कड झिजली, किंवा संग्रहातून भलत्याच कंपनीची खुंटी निवडली गेली, तर संगणक तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो. खुंटी नीट बसली आहे की नाही हे पाहायला शेवटी साधा एक्स-रेच काढावा लागतो. ‘संगणकाने केलेली शस्त्रक्रिया’ या जाहिरातीतही हीच गफलत असते. तोंडातला स्कॅनर साध्या प्रकाशावर चालतो, त्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही, आणि म्हणूनच त्याला हाडही दिसत नाही. हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, काढावा लागतो. तो क्ष-किरणांवर चालतो आणि त्या यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी घ्यावी लागते. ही दोन चित्रे एकमेकांवर बसवून सर्जिकल गाइड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा साचा, छापतात, आणि तोंडात जुन्या धातूच्या कॅप असतील तर त्यांच्या चकाकीने सीबीसीटीतले दात पुसट होऊन ही जुळवणीच डळमळते. सगळे नीट जुळले तरी गाइडने बसवलेले इम्प्लांट ठरवलेल्या जागेपासून सरासरीने हाडात शिरते तिथे १.२ मिलिमीटर, आतल्या टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कलात ३.५ अंश इतके ढळते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. ही सरासरी आहे, म्हणजे काही रुग्णांत ती याहून जास्त असणारच. खालच्या जबड्यातील नसेपासून दोन मिलिमीटरचे अंतर राखण्याचा जुना नियम म्हणूनच गाइड असतानाही सोडता येत नाही. गाइडच्या नळीमुळे ड्रिलच्या टोकापर्यंत पाणी कमी पोहोचते ही आणखी एक अडचण, आणि हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी दुखावते हे १९८३ पासून माहीत आहे. पाटीवरचा शब्द यातल्या कशाचीच हमी देत नाही.

इतके मान्य केल्यावर ट्रेच्या बाजूचे मित्र म्हणतील की मग वाद मिटला. पण त्यांचा युक्तिवादही तितकाच कच्चा आहे. ‘हाताची परंपरा’ असे ते ज्याला म्हणतात तिचे वय किती? चार्ल्स स्टेंट या इंग्लिश दंतवैद्याने गटापर्चात (झाडाच्या चिकापासूनच्या रबरासारख्या पदार्थात) भर घालून माप घेण्याचे सुधारित द्रव्य काढले ते १८५० च्या दशकात. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात त्या स्टेंटला नाव मिळाले ते याच माणसाचे. पुढे समुद्रशेवाळापासून काढलेले अगार आले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे अगार दुर्मीळ झाले आणि त्याच्या जागी अल्जिनेट रुळले. आपण ज्या पुट्टीची शपथ घेतो त्या जातीचे सिलिकॉन तर १९७० च्या दशकातले. म्हणजे जिला सनातन मानले जाते ती पद्धत प्रकाशाने माप घेण्याच्या कल्पनेच्या वयाचीच आहे, कारण फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्युरे यांनी ती कल्पना आपल्या प्रबंधात मांडली ती १९७३ साली, आणि झुरिकमध्ये व्हर्नर म्योर्मान यांनी खुर्चीशेजारीच स्कॅन करून घडवलेले सिरॅमिकचे पहिले भरण रुग्णाच्या दातात बसवले ते १९८५ साली. प्रत्येक नव्या द्रव्याच्या वेळी आधीच्या पिढीने हात बिघडेल अशीच भीती घातली असणार. चाळीस वर्षांपूर्वी रुग्णाच्या तोंडात पोहोचलेल्या गोष्टीला कालचे फॅड म्हणणे किती टिकेल?

आणि हाताने घेतलेले माप तरी कुठे निखळ असते? इम्प्लांटवर कोपिंग (माप घेण्याची टोपी) स्क्रूने बसवायची, ट्रेला खिडकी पाडायची, द्रव्य भरायचे, ते घट्ट होईपर्यंत रुग्णाने मळमळ दाबून बसायचे, स्क्रू सोडून ट्रे उचलायचा, कोपिंगला ॲनालॉग (इम्प्लांटची नक्कल) जोडायचा आणि डाय स्टोन (कडक प्लास्टर) ओतायचा. यातली प्रत्येक पायरी आपापली चूक मापात टाकते. उत्तम प्रतीचा डाय स्टोनही घट्ट होताना सुमारे ०.१ टक्का फुगतो. ५० मिलिमीटरच्या अंतरावर ते ५० मायक्रॉन होतात, म्हणजे साधारण केसाची जाडी इथेच खर्ची पडते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश तापमान आणि वीज गेलेली, अशा दुपारी पुट्टी मळता मळताच हातात घट्ट होऊ लागते, हे सोलापुरात काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. गंमत अशी की ट्रेचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी अनेकांच्या झिर्कोनियाच्या कॅपही स्कॅन करूनच बनतात. त्यांनी पाठवलेल्या मापावरून लॅबमध्ये प्लास्टरचे मॉडेल होते, ते टेबलावरच्या स्कॅनरखाली जाते, आणि पुढे डिझाइन व मिलिंग (यंत्राने दात कोरून काढणे) संगणकावरच चालते. म्हणजे स्कॅन टळत नाही. तो तोंडाऐवजी प्लास्टरचा होतो एवढेच, आणि प्लास्टरपर्यंत येताना झालेल्या साऱ्या चुका घेऊन होतो.

मला हा प्रश्न ज्या कामाने समजला ते काम बिघडलेले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी बार्शीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या खालच्या जबड्यात तीन इम्प्लांटवर ब्रिज करायचा होता. मी ट्रेने माप घेतले, ते रात्रीच्या बसने बाहेरगावच्या लॅबकडे गेले, आणि आठवड्याने ब्रिज आला. मॉडेलवर तो बोटाने ठेवला तरी बसत होता. तोंडात एका टोकाचा स्क्रू आवळला की दुसरे टोक उचलले जात होते. मी लॅबला दोष दिला आणि लॅबने मला. पुन्हा माप घेतले, पुन्हा तेच झाले. मुळात चूक कुठे झाली, हे शोधायला आमच्याकडे काहीच नव्हते: पहिले माप मॉडेल ओतताना फाटून गेले होते, मॉडेलची कड जाण्या-येण्यात तुटली होती, आणि कोपिंग तोंडात पूर्ण बसली होती का, हे मला स्वतःलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. सत्तर किलोमीटरवरून ते गृहस्थ चार वेळा आले. चौथ्या खेपेला त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, ‘डॉक्टर, चूक नेमकी कोणाची, हे तुम्हांला तरी कळलं का?’ मला उत्तर देता आले नाही. शेवटी ब्रिज कापून जोडला आणि बसवला. पण त्या प्रश्नाचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी स्कॅनरवर केलेल्या दोन इम्प्लांटच्या एका कामात चूक झालीच. फाइल लॅबकडे गेली आणि अर्ध्या तासात टेक्निशियनचा फोन आला: ‘सर, मागच्या स्कॅन बॉडीचा माथा तिरका दिसतोय, पूर्ण बसलेली नाही वाटतं.’ रुग्ण बाई अजून बाहेर काउंटरपाशीच होत्या. त्यांना पुन्हा आत बोलावले, एक्स-रे काढला, खुंटीखाली खरोखरच हिरडीचा पापुद्रा होता. तो काढून तेवढाच भाग पुसून पुन्हा स्कॅन केला. चूक माझीच होती, बार्शीच्या कामात होती तितकीच असेल. फरक एवढाच की ती एका तिसऱ्या माणसाला, दुसऱ्या गावात बसून, दात घडवण्याआधी दिसली. स्कॅनरच्या बाजूने मला जे म्हणायचे आहे ते या फोनमध्ये आले आहे.

सोलापूरकरांना हे चादरीवरून समजावून सांगता येते. १८०४ च्या सुमारास जोझेफ-मारी जॅकार्ड यांनी फ्रान्समध्ये जे तंत्र बसवले, त्यात नक्षी विणकराच्या हातातून निघून पुठ्ठ्याच्या भोकांत गेली. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. आपल्या चादरीवरची नक्षी याच तंत्राने उतरते. कार्ड आल्याने विणकामात चूक होणे थांबले का? उलट, कार्डात एक भोक चुकीचे पडले तर तो दोष नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत, प्रत्येक चादरीवर, न चुकता उमटतो. पण तोच दोष शोधायचा तर साऱ्या चादरी उसवाव्या लागत नाहीत. आलेख कागद आणि कार्ड शेजारी ठेवून कोणते भोक चुकले ते बोट ठेवून दाखवता येते, आणि तेवढे एक कार्ड बदलले की पुढचा माल शुद्ध निघतो. स्कॅनच्या फाइलचे दोन्ही गुणधर्म हेच आहेत. तिच्यातली चूक यंत्र निमूटपणे मिलिंगपर्यंत नेते, आणि ती चूक शोधू पाहणाऱ्यापासून ती लपूनही राहत नाही. यातला पहिला गुणधर्म स्कॅनरवाले विसरतात, दुसरा ट्रेवाले.

आपल्या भागापुरते आणखी एक कारण आहे, आणि चर्चेत ते कोणी काढत नाही याचे मला आश्चर्य वाटते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी मावा, गुटखा आणि सुपारीने ज्यांचे गाल आतून ताठर होऊन तोंड उघडेनासे झाले आहे असे रुग्ण आमच्याकडे सतत येतात, आणि त्यांतले कितीतरी पस्तिशीच्या आतले असतात. दोन बोटेही न मावणाऱ्या तोंडात भरलेला ट्रे घालायचा आणि घट्ट झाल्यावर तो आडवा-तिडवा करून काढायचा, हे ज्याने केले आहे त्याला स्कॅनरच्या निमुळत्या टोकाची किंमत कळते. येथेही अतिशयोक्ती नको: गाइडमधून वापरायचे ड्रिल लांब असतात आणि त्यांना उलट अधिक उघडलेले तोंड लागते, तेव्हा अशा रुग्णाचे माप डिजिटल आणि शस्त्रक्रिया मोकळ्या हाताने, अशी सरमिसळच करावी लागते. तंबाखू चालू असताना इम्प्लांट बसवावे का, हा तर याहून आधीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणताही स्कॅनर देत नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा आहे, आणि तो मला मान्य आहे. यंत्राची किंमत काही लाखांत जाते. शिवाय काही कंपन्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क घेतात, आणि काही यंत्रांतून फाइल बाहेर काढायची तर त्यांचीच वाट धरावी लागते. हा बोजा अखेर रुग्णावर पडतो, आणि विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला इम्प्लांट आधीच परवडत नाही. या बाबतीत दंतवैद्यकाच्या इतिहासातले एक प्रकरण मला नेहमी आठवते. एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइट रबराची कवळी आली आणि सोन्याच्या कवळीच्या मानाने ती इतकी स्वस्त होती की सामान्य माणसाला दात मिळू लागले. पण पेटंट हाती असलेल्या गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने अमेरिकेतल्या दंतवैद्यांकडून परवान्याचे शुल्क वसूल करण्यासाठी खटल्यांचा सपाटा लावला. वैर इतके पेटले की १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सॅम्युएल चाल्फंट या दंतवैद्याने कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना गोळी घालून ठार मारले. १८८१ मध्ये पेटंट संपले आणि रबराची कवळी सर्वत्र पसरली. व्हल्कनाइट वाईट होते, असे त्या काळीही फारसे कोणी म्हणत नव्हते. भांडण कुलपाच्या किल्लीचे होते. स्कॅनरबाबतही आपण किल्लीचे भांडण करावे. यंत्र घेताना पहिला प्रश्न रंगीत चित्राचा नसावा; फाइल कोणत्याही लॅबला, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये, वेगळे पैसे न देता उघडता येईल का, हा असावा. प्रत्येक दवाखान्याने आपले यंत्र घ्यावे असेही नाही. चार-पाच जणांत एक स्कॅनर फिरता ठेवता येतो. नाहीतर ट्रेने नेटके माप घेऊन ते लॅबमध्ये स्कॅन करून घेण्याचा मधला मार्ग आहेच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

टेक्निशियनचे काम जाईल, ही भीतीही पोकळ नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिक हा स्वतंत्र नोंदणीचा पेशा मानला. प्लास्टर ओतणे, मेण लावणे, धातू ओतणे यावर ज्यांची हयात गेली त्यांच्यापैकी काहींचे काम खरोखरच कमी होते आहे. पण मघाशी सांगितलेला फोन ज्याने केला तो माणूस वीस वर्षे मेण कोरत आलेला आहे. तिरका माथा त्याला दिसला तो त्या वीस वर्षांमुळे. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवले त्यांच्याकडे कार्ड पाडणाऱ्याचे काम गेले, पण नक्षीचा आलेख मांडणारी नजर विकत आणता आली नाही. लॅबमधल्या जुन्या माणसाला संगणकासमोर बसवण्याचा खर्च यंत्राच्या खर्चात धरला नाही, तर यंत्र दाखवील ते पाहायलाच कोणी उरणार नाही.

मग जबडाभराच्या कामाचे काय? तिथे माझे मत सध्या ट्रेच्या बाजूला झुकते, किंवा मग तोंडाबाहेरच्या कॅमेऱ्याने सगळ्या इम्प्लांटच्या जागा एकत्र टिपणाऱ्या फोटोग्रामेट्रीच्या बाजूला; पण ती यंत्रे आणखी महाग आहेत. माप कशानेही घेतलेले असो, अंतिम ब्रिज घडवण्याआधी इम्प्लांटना जोडणारा एक कडक सांगाडा तोंडात बसवून, एकच स्क्रू आवळून, दुसरे टोक उचलते का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोणी विचारील की एवढी काटेकोरी हवी कशाला. स्वीडनमध्येच तोर्स्टेन येम्ट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिजच्या बसण्यातला दोष आणि हाडाची झीज यांचा संबंध आढळला नव्हता. हे खरे आहे, आणि हाडाच्या नावाने रुग्णाला घाबरवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. अभ्यास अगदी थोड्या रुग्णांचा होता हेही सांगायला हवे. पण सैल झालेला स्क्रू आणि उडालेला पोर्सिलीनचा टवका घेऊन जो माणूस परत येतो, त्याला हाड शाबूत असल्याचे सांगून काय समाधान मिळणार? पुन्हा एस. टी. पकडून तोच यायचा असतो.

माप तपासता येण्यासारखे असणे हा स्कॅनरचा खरा लाभ मानला, तर ते माप ज्याच्या तोंडाचे आहे त्याच्याकडेच असले पाहिजे, हे ओघाने येते. आज ते बहुतेक वेळा दवाखान्याच्या किंवा कंपनीच्या साठ्यात राहते. शिवाय नेहमीच्या एसटीएल फाइलमध्ये त्रिकोणांच्या जाळ्याखेरीज भरवशाचे काही नसते. लांबीचे एकक नसते, रुग्णाचे नाव नसते, इम्प्लांट कोणत्या कंपनीचे तेही नसते. हे सगळे सोबत लिहून द्यावे लागते: कंपनी, व्यास, लांबी, स्कॅन बॉडीचा प्रकार, तारीख. याला पाच मिनिटे लागतात, आणि दिलेला पेन ड्राइव्ह पुट्टीच्या डब्याहून स्वस्त पडतो.

गेल्या पावसाळ्यात अक्कलकोटकडचे एक आजोबा आले. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात बसवलेल्या इम्प्लांटचा स्क्रू सैल झाला होता. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांच्याजवळ प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि तीत तीस वर्षांपूर्वीच्या छातीच्या एक्स-रेची फिल्मसुद्धा होती. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, हे सांगणारा कागद तेवढा नव्हता. बऱ्याच कंपन्यांच्या स्क्रूची खाच वेगवेगळी असते. एक्स-रेवरून आट्यांचा आकार पाहत, खणातले एकेक ड्रायव्हर लावून पाहत, दीड तासाने एक बसला. स्क्रू बदलून झाल्यावर मी स्कॅन केला, कंपनीचे नाव आणि मापे लिहिलेली चिठ्ठी पेन ड्राइव्हला रबराने बांधली आणि त्यांच्या हाती दिली. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, ‘याला उन्हात ठेवलं तर चालतं का?’ असे विचारले, रुमालात गुंडाळला आणि छातीच्या फिल्मशेजारी पिशवीत ठेवला.